सातारा-सांगली परिसरातील ऐतिहासिक दफ्तरे

राज्यकारभार, वतन, देवस्थान, सावकारी किंवा घराण्याचा खाजगी व्यवहार चालविताना निर्माण झालेल्या व पुढे पुराव्यासाठी राखून ठेवलेल्या कागदपत्रांच्या समूहास दफ्तर म्हणतात. हा शब्द अरबी-फार्सीतून मराठीत आला असून त्याचे मूळ ‘चामडे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दात शोधले जाते. मराठीत तो कागदांचा समूह, ते ठेवण्याची जागा आणि ते सांभाळणारे खाते अशा तिन्ही अर्थांनी रूढ आहे. हे तीन अर्थ एकमेकांत मिसळलेले असणे स्वाभाविकच होय. कारण दफ्तरातील कागदाला जो अर्थ असतो, तो बराचसा त्याच्या शेजारच्या कागदामुळे आणि तो ज्या कचेरीत लिहिला वा पोहोचला तिच्यामुळे येतो. ग्रंथ एकटा असला तरी ग्रंथच असतो. दफ्तरातून सुटलेला कागद मात्र पुष्कळदा नुसता जुना कागद उरतो. दफ्तरांची व्यवस्था, त्यांचे वर्णन आणि जतन यांसंबंधीचे बहुतेक प्रश्न या एका गोष्टीतून उद्‌भवतात व सातारा-सांगली परिसरातील दफ्तरांचा इतिहास हे त्याचे ठळक उदाहरण आहे.

सातारा व सांगली हे आजचे दोन जिल्हे कागदपत्रांच्या दृष्टीने एकच प्रदेश मानावयास हवेत. संस्थानांच्या विलीनीकरणानंतर १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे भाग झाले आणि दक्षिण साताऱ्यास १९६० मध्ये सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे तासगाव, खानापूर, वाळवे या तालुक्यांचे जुने महसुली कागद सातारच्या नावाने, तर मिरज-सांगलीकडील कागद संस्थानांच्या नावाने शोधावे लागतात. शाहू छत्रपतींचा राज्याभिषेक १७०८ मध्ये साताऱ्यास झाला आणि ते नगर मराठी राज्याची राजधानी बनले. औंधचे पंतप्रतिनिधी, फलटणचे निंबाळकर, जतचे डफळे, वाईचे रास्ते, मेणवलीस वाडा बांधणारे नाना फडणीस आणि कृष्णाकाठचे मिरज, सांगली, तासगाव येथील पटवर्धन अशी सत्ताधारी घराणी या टापूत नांदली. त्यांच्या खालोखाल देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी हे वतनदार, तसेच मठ व देवस्थाने होती. यांपैकी प्रत्येकाकडे लहानमोठे दफ्तर असे. कारण हक्क चालू राहण्यास कागद जवळ असणे अवश्य होते.

मूळ घडण : मराठी राज्याच्या दफ्तराचे चिटणिशी व फडणिशी असे दोन मुख्य प्रवाह होते. चिटणिशीत राजकीय पत्रव्यवहार, आज्ञापत्रे, सनदा यांचा समावेश होई. फडणिशीत जमाखर्च, अजमास, ताळेबंद व हिशेबी नोंदी असत. पेशव्यांच्या हुजूर दफ्तराचे चालते दफ्तर व एक बेरीज दफ्तर असे विभाग होते. चालत्या दफ्तरात फड, बेहेडा व सरंजाम ही खाती येत. एक बेरीज दफ्तरात निरनिराळ्या खात्यांचे हिशेब एकत्र करून मांडले जात. रोजकीर्द म्हणजे दररोजच्या हुकुमांची व जमाखर्चाची नोंद. घडणी म्हणजे तीच माहिती विषयवार वा माणसागणिक लावलेली. म्हणजे एकाच व्यवहाराची नोंद किमान दोन ठिकाणी सापडू शकते आणि एकीवरून दुसरी पडताळता येते. पत्राच्या पाठीवर वा अखेरीस कारकुनांनी केलेले शेरे तो कागद कोणत्या हातांतून गेला हे दाखवितात. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दीत या शिस्तीस उतरती कळा लागली, असे १८१८ नंतर दफ्तराची पाहणी करणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांनी नोंदविले आहे.

कागद लांबट असत व मजकूर वाढला की एकास दुसरा बंद खळीने चिकटवून गुंडाळी केली जाई. महत्त्वाच्या लेखांत मध्येच बंद बदलता येऊ नये म्हणून जोडावर शिक्का उमटवीत. अशा गुंडाळ्या व फर्द एकत्र बांधून जाड कापडात गुंडाळीत; या कापडास व त्यातील गठ्ठ्यासही रुमाल हीच संज्ञा आहे. रुमाल हा केवळ बांधणीचा प्रकार नव्हता. कोणत्या रुमालात काय आहे, हे दफ्तरदाराच्या ध्यानात असे आणि बहुधा तीच त्या दफ्तराची सूची असे. दफ्तरदार गेला व घराणे मोडले, म्हणजे ही सूची नाहीशी होई. रुमाल तेवढे मागे राहत.

इंग्रजी अंमल : १८१८ मध्ये पेशवाई संपुष्टात आल्यावर पुण्याचे दफ्तर इंग्रजांच्या ताब्यात गेले. सातारा येथे छत्रपती प्रतापसिंह यांच्या दरबारी जेम्स ग्रँट (पुढे ग्रँट डफ) हा १८१८ ते १८२२ या काळात नेमला गेला होता. त्याने छत्रपतींच्या व अन्य घराण्यांच्या दफ्तरांतील कागदांच्या नकला करवून १८२६ मध्ये आपला मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला. त्याआधी छत्रपतींच्या आश्रयाने बखरी लिहिणाऱ्या मल्हार रामराव चिटणीस यांनीही आपल्या घराण्याच्या दफ्तराचा उपयोग केला होता. परंतु आधार कोणता, हे टीपेत सांगण्याची पद्धत ग्रँट डफपासून सुरू झाली. आपण मिळविलेल्या हस्तलिखितांच्या प्रती मुंबईच्या साहित्यसंस्थेत ठेवल्या असल्याचे तो टीपांत वारंवार सांगतो. पुढे त्या प्रतींचा पत्ता लागला नाही. नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी १८६८ च्या सुमारास ग्रँट डफच्या इतिहासाचे परीक्षण केले, तेव्हापासून हा प्रश्न मराठी अभ्यासकांस अस्वस्थ करीत आला आणि त्याने मूळ कागद जाळून टाकले, अशी दंतकथाही प्रसृत झाली. तिला आधार नाही. मात्र नकला एका ठिकाणी, मूळ कागद दुसऱ्या ठिकाणी आणि दोहोंमधील दुवा फक्त एका छापील टीपेत, अशी स्थिती झाली की त्या टीपेचा उपयोग किती अल्प उरतो, हे यावरून दिसते.

१८३९ मध्ये प्रतापसिंह पदच्युत झाले. त्यांचे बंधू शहाजी यांच्या मृत्यूनंतर (१८४८) राज्य खालसा करण्यात आले. त्याच सुमारास इनामांच्या चौकशीस जोर आला व १८५२ च्या अकराव्या अधिनियमान्वये इनाम आयोगास व्यापक अधिकार मिळाले. ज्याच्या हाती सनद नाही वा जिची नोंद सरकारी दफ्तरात आढळत नाही, त्याचे इनाम धोक्यात आले. खाजगी व वतनी दफ्तरे तपासणीसाठी ताब्यात घेण्यात आली व अशा रीतीने गोळा झालेल्या कागदांचा ‘जमाव’ या नावाचा एक स्वतंत्र विभागच पुणे दफ्तरात तयार झाला. दक्षिण महाराष्ट्रातील जहागीरदारांत जो असंतोष १८५७ मध्ये दिसून आला, त्याच्या कारणांत या चौकशीची गणना होते. दफ्तराच्या दृष्टीने मात्र तिचे दोन परस्परविरोधी परिणाम झाले. या चौकशीपायी कोट्यवधी नोंदींनी भरलेले रुमाल सरकारी छपराखाली आले व टिकले. ते घरोघरी राहते, तर त्यांतील पुष्कळ नष्ट झाले असते. उलट, आयोगाला जमिनीच्या हक्काचा पुरावा तेवढा हवा होता. म्हणून कागद मूळ क्रम मोडून त्या एका प्रयोजनानुसार लावले गेले. शाहूंच्या काळातील कागद आज शाहू दफ्तर या नावाने पुण्यास आहेत. सातारच्या राजधानीचा अभ्यास पुण्यात बसून करावा लागतो, याचे कारण हेच होय.

या दफ्तरांतून गणेश चिमणाजी वाड यांनी केलेली निवड सातारकर महाराज व पेशवे यांच्या रोजनिशी या रूपाने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अनेक भागांत छापली गेली. लढाया व तह यांपलीकडे जकाती, शिक्षा, पीकपाणी, दुष्काळी सूट असे विषय या कागदांत आहेत, हे न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० मध्ये लिहिलेल्या निबंधात स्पष्ट केले. त्यांचा हा संकेत लगेच फारसा कोणी मनावर घेतला नाही. गो. स. सरदेसाई यांनी संपादिलेल्या पेशवे दफ्तराच्या ४५ भागांतील (१९३०–३४) निवडही मुख्यत्वे राजकीय पत्रांची आहे.

संग्राहक व संपादक : सरकारी छपराबाहेर राहिलेल्या दफ्तरांना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वेगळाच धोका निर्माण झाला. मोडी वाचणारे कमी होऊ लागले, वाडे कोसळू लागले आणि कागद रद्दीच्या भावाने वाण्याकडे जाऊ लागले. या वेळी पुढे आलेल्या तिघा अभ्यासकांची कार्यक्षेत्रे योगायोगाने याच परिसरात होती : वाईत विश्वनाथ काशिनाथ राजवाडे (१८६३–१९२६), मिरजेत वासुदेवशास्त्री खरे (१८५८–१९२४) आणि साताऱ्यात दत्तात्रय बळवंत पारसनीस (१८७०–१९२६). तिघांचे ध्येय एक असले, तरी दफ्तराकडे पाहण्याची त्यांची दृष्टी भिन्न होती आणि तिचे परिणाम त्यांच्या संग्रहांवर आजही दिसतात.

राजवाडे यांना वाई येथे पानिपतच्या मोहिमेसंबंधीची पत्रे उपलब्ध झाली व त्यांवरून सिद्ध झालेला मराठ्यांच्या इतिहासाची साधने या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. पत्र जसेच्या तसे, काटछाट न करता छापावे, भाषा सुधारू नये, कागद कोठे व कोणाकडे मिळाला हे सांगावे, असा त्यांचा आग्रह होता. त्याच वर्षी हॉलंडमध्ये म्यूलर, फाइट व फ्रुइन या तिघांनी दफ्तरांची मांडणी व वर्णन यांविषयी एक नियमग्रंथ प्रसिद्ध केला. एका उगमाचे कागद दुसऱ्यांत मिसळू नयेत व दफ्तराचा मूळ क्रम मोडू नये, ही तत्त्वे, ज्यांपैकी पहिले फ्रान्समध्ये १८४१ च्या शासकीय परिपत्रकातच आले होते, या ग्रंथाने सर्वमान्य केली. राजवाड्यांना त्याची वार्ता असण्याचा संभव नाही. तरीपण उगम नोंदविण्याची त्यांची निकड त्याच दिशेची होती. मात्र राजवाडे एका ठिकाणी स्थिरावणारे नव्हते. गावोगाव पायपीट करून त्यांनी जमविलेले कागद त्यांच्या हयातीत व पश्चात अनेक ठिकाणी विखुरले. १९१० मध्ये पुण्यास स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ आणि धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ (१९२७) ही त्यांतील प्रमुख स्थाने होत. सातारा भागातील रामदासी मठांतील बाडेही शंकर श्रीकृष्ण देव यांच्या प्रयत्नाने धुळ्यासच गेली. त्यामुळे चाफळ-सज्जनगडच्या परंपरेचा शोध घेणाऱ्यास खानदेश गाठावा लागतो.

खरेशास्त्री यांची गोष्ट निराळी. ते मिरजेच्या विद्यालयात संस्कृतचे शिक्षक होते व त्यांचे सारे आयुष्य पटवर्धनी दफ्तराच्या सान्निध्यात गेले. १८९७ पासून त्यांनी ऐतिहासिक लेखसंग्रह क्रमाक्रमाने प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. त्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या पुत्राने ते कार्य पुढे चालविले. पानिपतनंतरच्या काळापासून अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंतचा पटवर्धन सरदारांचा पत्रव्यवहार त्यात आला आहे. छावणीतून घरी व घरून छावणीत गेलेली पत्रे, पुण्यातील कारभाऱ्यांनी व वकिलांनी कळविलेल्या बातम्या, हैदर व टिपू यांच्याविरुद्धच्या कर्नाटकातील मोहिमा आणि १७९५ ची खर्ड्याची लढाई यांचा तो अखंड वृत्तांत आहे. खऱ्यांनी पत्रे कालक्रमाने लावली व त्यांच्या मागेपुढे आपल्या शब्दांत दुवे जोडले. शिक्षकाच्या वेतनावर जगणाऱ्या एका माणसाने हे केले, याचे कौतुक नेहमी होते. परंतु त्याहून महत्त्वाची बाब क्वचितच सांगितली जाते. एकाच घराण्याचे दफ्तर हाती असल्यामुळे पत्र व त्याचे उत्तर ही दोन्ही त्यांना जवळजवळ सापडत. शेजारच्या पत्राच्या आधाराने साल नसलेल्या पत्राचे साल ठरविता येई. ऐतिहासिक लेखसंग्रहाची विश्वसनीयता संपादकाच्या बुद्धीइतकीच दफ्तराच्या अभंगपणावर उभी आहे.

पारसनीस हे मुख्यतः संग्राहक होते. भारतवर्ष व इतिहाससंग्रह या नियतकालिकांतून त्यांनी अस्सल कागद प्रसिद्ध केले. किंकेड यांच्यासह तीन खंडांत मराठ्यांचा इंग्रजी इतिहासही लिहिला. मेणवली येथील नाना फडणिसांच्या दफ्तराचा मोठा भाग त्यांनी मिळविला. त्यासोबत चित्रे, नकाशे, ग्रंथ व दुर्मिळ वस्तू जमवून साताऱ्यास ऐतिहासिक संग्रहालय उभे करण्याचा त्यांचा ध्यास होता. त्यांच्या निधनानंतर हा संग्रह १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन महाविद्यालय संशोधन संस्थेकडे आला व साताऱ्याने आपले सर्वांत मोठे दफ्तर दुसऱ्यांदा गमावले. अर्थात पुण्यात त्यास अभ्यासक, सूचिकार व पक्की इमारत लाभली, हेही नाकारता येत नाही. वि. त्र्यं. गुणे यांचा मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील ग्रंथ (१९५३) याच संस्थेच्या वातावरणात सिद्ध झाला.

पारसनिसांनी साताऱ्याजवळच्या धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामी यांचे चरित्र व पत्रव्यवहार १९०० मध्ये छापला. स्वामी अनेक सरदारांचे गुरू तसेच धनकोही होते. पहिल्या बाजीरावानेही त्यांच्याकडून कर्ज घेतले होते. स्वामींच्या योग्यतेविषयी राजवाडे यांनी पारसनिसांच्या अगदी उलट मत दिले आणि दोघांचाही आधार धावडशीचेच कागद होते. ऋणकोची पत्रे धनकोच्या घरी जपून ठेवली जातात. म्हणून स्वामींकडील दफ्तरात पेशव्यांच्या आर्थिक विवंचनेचे चित्र गडद उमटते, तर पेशव्यांच्या स्वतःच्या दफ्तरात ते हिशेबांच्या गर्दीत दडून जाते. कोणते दफ्तर कोणी व कशासाठी राखले, हे ध्यानी न घेता नुसती पत्रे वाचली, तर दोन्ही बाजूंचे निष्कर्ष सारखेच पटण्याजोगे वाटतात.

तिन्ही संपादकांच्या बाबतीत एक उणीव समान आहे. त्यांनी व त्यांच्या पिढीने चिटणिशी कागद वेचले व फडणिशी कागद बव्हंशी मागे ठेवले. राष्ट्राचा इतिहास सिद्ध करावयाचा होता, मुद्रणास पैसा नव्हता आणि जमाखर्चाला वाचक मिळण्याची आशा नव्हती, हे खरे. त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. परंतु घराण्यांनीही याच निवडीवरून बोध घेतला. छापण्याजोगे ते नेले, उरले ते निरुपयोगी, असे समजून पुष्कळ हिशेबी रुमाल टाकून देण्यात आले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अ. रा. कुलकर्णी, जपानी अभ्यासक हिरोशी फुकाझावा आदींनी गावगाडा, बलुते, वेठ व जमीनमहसूल यांवर जे लेखन केले, त्याची सामग्री नेमकी या दुर्लक्षित वर्गातील आहे. पुणे दफ्तरात ती शिल्लक राहिली, ती महसुली उपयोगाची म्हणून. तिला ऐतिहासिक मोल आहे असे कोणास वाटले म्हणून नव्हे.

वर्णन : दफ्तराची सूची करताना पहिली अडचण लिपीची येते. मोडी विसाव्या शतकाच्या मध्यास शाळांतून व कचेऱ्यांतून गेली. सलग लिहिण्याची तऱ्हा, ऱ्हस्व-दीर्घाचा अभाव आणि लेखनसंक्षेप यांमुळे देवनागरी जाणणाऱ्यासही ती शिकावी लागते. दुसरी व अधिक बिकट अडचण कालनिर्णयाची. सरकारी कागदांत शुहूर सन अरबी शब्दांत लिहिलेला असतो. उदा., ‘इहिदे समानीन मया व अलफ’ म्हणजे एक, ऐंशी, शंभर व हजार मिळून ११८१. हे वर्ष सूर्याच्या मृग नक्षत्रातील प्रवेशापासून सुरू होते. म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत त्यात ५९९ व जानेवारीपासून पुढील मृगापर्यंत ६०० मिळविले असता इसवी सन येतो. वरील सन १७८०-८१ चा होय. फसली सनात याच रीतीने ५९०-९१ मिळवावे लागतात. राज्याभिषेक शक १६७४ पासून मोजला जातो. शिवाय शालिवाहन शकही असतो. तारखेच्या जागी ‘छ’ हे अक्षर व मुसलमानी महिना असतो. ‘छ’ म्हणजे चंद्र, अर्थात चंद्रदर्शनापासून मोजलेला दिवस.

खाजगी पत्रांत पुष्कळदा केवळ तिथी किंवा चंद्र दिलेला असतो, साल नसते. लिहिणाऱ्यास व वाचणाऱ्यास ते ठाऊकच असे. अशा पत्राचे साल ठरविण्यास त्यातील प्रसंग उपयोगी पडतो. प्रसंग नसेल, तर ते ज्या गुंडाळीत होते तिचाच आधार उरतो. म्हणून अनुभवी सूचिकार रुमाल सोडण्यापूर्वी त्याची बांधणी, चिठ्ठी व कागदांचा अनुक्रम टिपून घेतो, प्रत्येकास क्रमांक देतो आणि मगच वाचनास बसतो. उत्साही माणूस याच्या उलट करतो. कागद तारखेने लावू पाहतो आणि ज्यांना तारीख नाही त्यांचा एक वेगळा ढीग करतो. त्या ढिगाला पुढे कधीच तारीख मिळत नाही.

वर्णन वरून खाली करावे, असा आजचा सर्वसाधारण संकेत आहे : प्रथम घराणे वा कचेरी, नंतर तिचे विभाग, मग रुमाल आणि शेवटी एकेक कागद. प्रत्येक कागदाचा सारांश देणारी सूची ही अभ्यासकास अत्यंत सोयीची खरी. पण हजारो रुमालांच्या संग्रहात ती पिढ्यान्‌पिढ्या पुरी होत नाही आणि तोवर सारा संग्रह बंद राहतो. त्यापेक्षा रुमालावार दोन-तीन ओळींची नोंद सर्व संग्रहाची आधी करावी व तपशिलाकडे मागाहून वळावे, हे श्रेयस्कर होय. ‘किरकोळ कागद’ ही नोंद मात्र कोणत्याही सूचीत असू नये. जुन्या सूच्यांत ती वारंवार आढळते आणि गावकीचे महजर, तगाईच्या याद्या, स्त्रियांची पत्रे बहुधा तिच्याखालीच सापडतात.

वर्णनाचा प्रश्न केवळ विद्वानांपुरता नाही. १८५२ नंतर इनाम कोणाचे राहणार, हे कागदावर ठरले. २०२३ मध्ये मराठा समाजातील कुणबी नोंदींचा शोध घेण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तेव्हा राज्यभरच्या महसुली, शैक्षणिक व अन्य कचेऱ्यांतील जुने कागद, त्यांत मोडी कागदही, पुन्हा पडताळले गेले. मोडी जाणणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. जेथे गाववार सूची होती तेथे काम सुकर होते. जेथे गठ्ठे नुसते रचलेले होते तेथे नोंद नाही, याचा अर्थ ती कधी नव्हती की सापडली नाही, हे सांगणे कठीण होते.

जतन : जुन्या मोडी कागदांचे आयुष्य मोठे आहे. जुन्नरी, दौलताबादी आदी हातकागद चिंध्यांच्या लगद्यापासून होत. त्यांत आम्ल कमी असल्याने ते दोन-अडीच शतकांनंतरही लवचिक आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील गिरणीचा लाकडी लगद्याचा कागद त्यांच्या मानाने अल्पायुषी ठरला. संस्थानी काळातील छापील नमुने व वृत्तपत्रे हात लावताच तुटतात, पण त्यांच्या शेजारची अठराव्या शतकातील पत्रे सुस्थितीत असतात. शाई काजळ व डिंक यांची असे. काजळ उजेडाने फिके पडत नाही, हा तिचा गुण. डिंक पाण्यात विरघळतो, हा दोष. खळीने चिकटविलेले जोड किड्यांना विशेष प्रिय असल्याने कसर बहुधा तेथूनच आरंभ करते. आपल्याकडे रुमालात वेखंड वा कडुनिंबाचा पाला ठेवण्याची, खळीत मोरचूद घालण्याची आणि पावसाळा संपल्यावर दफ्तर वाऱ्यावर सोडण्याची रीत होती. तिच्यातील शेवटचा भाग सर्वांत गुणकारी होता, असे म्हणावयास हरकत नाही. कारण बुरशी व कसर या दोहोंना स्तब्ध दमट हवा मानवते. कडक उन्हात कागद पसरणे मात्र अपायकारक असते. जीर्ण कागदांना पातळ जपानी कागदाचे अस्तर देणे, आम्लता घालविणे व आम्लरहित पेट्यांत ते ठेवणे हे उपाय आता रूढ आहेत. दोन्ही बाजूंस पारदर्शक प्लॅस्टिकचा थर तापवून बसविण्याची एके काळची पद्धत टाकून देण्यात आली. तो थर पुढे सोडविता येत नाही. चिकटपट्टीने सांधलेल्या कागदांची गतही तीच होते.

सांगलीत सर्वांत मोठे भय पाण्याचे आहे. कृष्णेचा पूर २००५ मध्ये शहरात शिरला होता. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळची पातळी ५७ फुटांवर गेली व सांगली नगर वाचनालयाचे ग्रंथ मोठ्या प्रमाणावर पाण्याखाली गेले. नदीकाठच्या जुन्या वाड्यांतून व कचेऱ्यांतून कागद परंपरेने तळमजल्यावर ठेवलेले असतात, कारण त्यांचे वजन माळ्यांना पेलत नाही. भिजलेला रुमाल त्वरेने सोडू नये, असा निर्वाळा तज्ज्ञ देतात. ओले बंद अलग करताना फाटतात व काजळी शाई बोटांना लागते. बुरशी दोन-तीन दिवसांत धरते. तेवढ्या अवधीत सारे कागद टीपकागदात घालून पंख्याखाली सुकविणे शक्य नसेल, तर ते गोठवून ठेवावेत व पुढे सवडीने थोडे थोडे सुकवावेत. मिरज-सांगली भागात शीतगृहे पुष्कळ आहेत. ती द्राक्षे व बेदाणे यांसाठी उभारलेली आहेत. आपत्काळी त्यांतील एखाद्या दालनाचा उपयोग करता येईल का, याचा विचार पूर येण्याआधी करून ठेवावयास हवा.

विलीनीकरणानंतरची स्थिती : १९४८ मध्ये पटवर्धनी संस्थाने, जत, औंध व फलटण मुंबई राज्यात विलीन झाली. साधारणतः कारभाराचे कागद शासनाकडे गेले व घराण्याचे खाजगी कागद घराण्याकडे राहिले. ही वाटणी करताना दोहोंची सीमा दर वेळी स्पष्ट नव्हती. संस्थानिकाचा खाजगी चिटणीस हाच बऱ्याचदा राज्याचाही चिटणीस असे. शासकीय कागदांना आता महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ लागू आहे. महसुली कचेऱ्यांतून अ वर्गाचे कागद कायम, ब वर्गाचे ३० वर्षे आणि ड वर्गाचे केवळ एक वर्ष राखण्याची पद्धत पूर्वीपासून चालत आली आहे. हे वर्गीकरण कारभाराच्या गरजेवर आधारलेले आहे. इतिहासाची गरज त्यात गृहीत धरलेली नाही. घरगुती दफ्तरांना अधिनियमाचे संरक्षण नाही. ती घरे विकली जातात, वाटण्या होतात आणि कागदांच्याही वाटण्या होतात.

१९४३ ते १९४६ या काळात याच दोन जिल्ह्यांत नाना पाटील व त्यांचे सहकारी यांनी चालविलेल्या प्रतिसरकारची न्यायदान मंडळे शेकडो गावांचे तंटे सोडवीत होती. भूमिगत चळवळीने कागद मागे ठेवणे म्हणजे माणसे पकडून देणे होते. म्हणून निवाडे बहुधा तोंडीच होत आणि जे लिहिले गेले त्यातील पुष्कळ नष्ट करण्यात आले. परिणामी या सरकारविषयीचे सर्वांत व्यवस्थित, क्रमवार व सूचीबद्ध कागद त्याच्या शत्रूपक्षाचे, म्हणजे पोलीस व जिल्हाधिकारी यांच्या कचेऱ्यांचे आहेत. त्यांत कार्यकर्त्यांची नोंद दरोडेखोर म्हणून येते. कार्यकर्त्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करण्याचे काही प्रयत्न झाले, पण ते उशिरा. ज्यांनी मंडळांपुढे फिर्याद नेली ते शेतकरी व त्यांतील स्त्रिया यांच्या आठवणी त्याहूनही विरळ आहेत. ज्या ध्वनिफिती शिल्लक आहेत त्यांवर कोण बोलत आहे, कोठे व केव्हा, ही चिठ्ठी प्रत्येक वेळी असतेच असे नाही.

अलीकडे मोडी कागदांच्या संगणकीय प्रतिमा घेण्याचे काम अनेक ठिकाणी हाती घेण्यात आले आहे. त्यामुळे मूळ कागदाची हाताळणी कमी होते व सातारच्या अभ्यासकास प्रत्येक वेळी पुण्यास जावे लागत नाही. प्रतिमा घेताना कागदाची पाठ, जोडावरील शिक्का व रुमालावरील चिठ्ठी यांचीही प्रतिमा घ्यावी लागते. प्रतिमेच्या क्रमांकात दफ्तराचे नाव, रुमालाचा क्रमांक व त्यातील कागदाचे स्थान यावे लागते. पारसनीस संग्रहातील मेणवली दफ्तर, पुण्यातील शाहू दफ्तर, धुळ्याची रामदासी बाडे आणि मिरजेची पटवर्धनी पत्रे अशा क्रमांकांनी नोंदली गेली, तरच दोनशे वर्षांत दूर गेलेली पत्रे व त्यांची उत्तरे एकमेकांसमोर ठेवून वाचता येतील.